प्रीअँप शोधू नका, ‘पी. यू.’ शोधा : घरातल्या आवाजाचा इतिहास कसा वाचायचा

संशोधनाचा विषय ठरला की आपण सगळ्यात आधी काय करतो? विषयातला मुख्य शब्द घेतो आणि तो कुठे कुठे सापडतो ते बघत सुटतो. कॅटलॉग, जुनी वर्तमानपत्रं, जाहिराती, मुलाखती, सगळीकडे तोच शब्द. ही सवय वाईट नाही, पण वस्तूंचा इतिहास लिहिताना ती हमखास फसवते. कशी, ते आज एका उदाहरणावरून बघू.

समजा तुमचा विषय असा आहे : ठाणे पूर्वेच्या कोपरीत १९५० ते १९८० या काळात घरातलं गाणं ऐकणं कसं बदललं? विषय चांगला आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वसाहत, शेजारी चेंदणी कोळीवाडा, पलीकडे रेल्वे, आणि ठाण्यात तेव्हा वाढत असलेले कारखाने. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यातच होता, आणि खाडीपलीकडे कळव्याला फिलिप्स.

आता सध्या ऑडिओच्या शौकीन मंडळींत व्हॉल्व्हच्या (म्हणजे ट्यूबच्या) प्रीअँप्लिफायरची चर्चा जोरात असते. कुठला घ्यावा, कुठली ट्यूब लावावी, घरच्या सिस्टिममध्ये तो कुठे बसवावा. ‘जुन्या काळचा उबदार आवाज’ हे शब्द त्या चर्चेत हटकून येतात. म्हणून तुम्ही ठरवता, की जुन्या कोपरीत व्हॉल्व्हचे प्रीअँप कोणाकडे होते ते शोधू. दहा-वीस घरी जाऊन विचारता, “तुमच्याकडे प्रीअँप होता का हो?” सगळे मान हलवतात. जुन्या जाहिराती चाळता, तिथेही तो शब्द जवळजवळ नाहीच. मग वहीत लिहिता : ‘या भागात हाय-फाय संस्कृती नव्हती.’

इथेच थांबा. पुरावा ठीक आहे, प्रश्नात गडबड आहे.

वस्तूचं नाव आणि वस्तूचं काम

प्रीअँप नावाचा डबा बाजूला ठेवा आणि त्याचं काम काय ते बघा. रेकॉर्डची सुई, मायक्रोफोन किंवा टेपचं हेड यांच्यातून निघणारा सिग्नल फार बारीक असतो. स्पीकर हलवायला जो मुख्य अँप्लिफायर लागतो, त्याला तो थेट दिला तर काही ऐकूच येणार नाही. म्हणून मधे एक टप्पा लागतो. तो सिग्नल वाढवतो, गरज असेल तिथे त्याचा स्वर-तोल नीट करतो, आणि व्हॉल्यूमचं बटण आपल्या हातात देतो. हा टप्पा म्हणजे प्रीअँप. तो वेगळ्या डब्यात असलाच पाहिजे असा काही नियम नाही.

आता १९५०-६०च्या दशकातला घरातला व्हॉल्व्ह रेडिओ डोळ्यांसमोर आणा. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ लागायचं, ते लोकांनी अशाच रेडिओवर ऐकलं. सिलोनवरची बिनाका गीतमालाही त्याच्यावरच. त्या काळातल्या फिलिप्सच्या ठरावीक मांडणीत ईसीएच ८१, मग ईएफ ८९ किंवा ईबीएफ ८९, पुढे ईबीसी ८१ किंवा ईएबीसी ८०, शेवटी ईएल ८४ आणि वीज सरळ करायला ईझेड ८० असे व्हॉल्व्ह असत. यातले पहिले दोन स्टेशन पकडतात. ईएल ८४ स्पीकर चालवतो. मधला ईबीसी ८१ काय करतो? त्याच्या काचेत एक छोटा ट्रायोड आहे. वाढ करण्याची त्याची मूळ क्षमता ७० पट, आणि प्रत्यक्ष मंडलात सिग्नल साधारण ५० पट वाढतो. तो वाढलेला सिग्नल ईएल ८४ला मिळतो. व्हॉल्यूमचं बटण या ट्रायोडच्या अगदी आधी बसवलेलं असतं.

थोडक्यात, प्रीअँप घरात होता. लाकडी पेटीच्या आत होता, आणि त्याला कोणी प्रीअँप म्हणत नव्हतं.

आता रेडिओ फिरवून त्याची पाठ बघा. एरियल आणि अर्थच्या सॉकेटजवळ बऱ्याच सेटवर आणखी दोन भोकं असतात. तिथे ‘पी. यू.’ म्हणजे पिक-अप असं लिहिलेलं असतं, किंवा तबकडीचं छोटं चित्र असतं. रेकॉर्ड प्लेअरची वायर तिथे खोचली की सुईचा सिग्नल सरळ व्हॉल्यूमच्या बटणावर, तिथून त्या ट्रायोडला आणि पुढे स्पीकरला. त्या काळातलं ‘सिस्टिम अपग्रेड’ हेच होतं. आधी रेडिओ घ्यायचा, दोन-चार वर्षांनी रेकॉर्ड प्लेअर आणायचा आणि रेडिओच्या पाठीत जोडायचा. अँप्लिफायर, स्पीकर आणि टोनचं बटण आधीपासून घरात होतंच.

मग वेगळा डबा इथे का आला नाही?

हा ‘का’ नीट सोडवायला थोडं तंत्रज्ञानात शिरावं लागतं. घाबरू नका, दोनच आकडे आहेत.

रेकॉर्डची सुई दोन प्रकारची. एक क्रिस्टल किंवा सिरॅमिक, दुसरी मॅग्नेटिक. क्रिस्टल सुई शेकडो मिलिव्होल्टचा सिग्नल देते. मॅग्नेटिक सुई देते जेमतेम पाचेक मिलिव्होल्ट. शिवाय क्रिस्टलचा सिग्नल सुई किती सरकली यावर ठरतो आणि मॅग्नेटिकचा सुई किती वेगाने हलली यावर. तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. १९५४ पासून ‘आरआयएए’ नावाचं त्याचं एक ठरलेलं माप सर्वमान्य झालं. मॅग्नेटिक सुई वापरली तर हे सगळं उलटं करून देणारं मंडल लागतं. क्रिस्टल सुई मात्र तिच्या स्वभावानेच हे काम बऱ्यापैकी करून टाकते.

ब्रिटन-अमेरिकेत १९४७ नंतर गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. त्या वर्षी डी. टी. एन. विल्यमसन यांचा अँप्लिफायर ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापून आला आणि घरी बसून उत्तम अँप्लिफायर बांधायची लाटच आली. १९४८ला एलपी तबकड्या आल्या, मॅग्नेटिक सुया आल्या, एफएम ट्यूनर आले, टेप आली. एवढ्या ठिकाणांहून येणारे लहानमोठे सिग्नल सांभाळायला एक वेगळं नियंत्रण-केंद्र हवं होतं. क्वाड, लीक अशा कंपन्यांचे वेगळे प्रीअँप त्यातून जन्मले. म्हणजे तो डबा त्यांच्याकडेही शौक म्हणून आला नाही. सिग्नलचे स्रोत वाढले आणि बारीक झाले म्हणून आला.

आपल्याकडे हे स्रोतच नव्हते. एफएम आलं १९७७ मध्ये, तेही मद्रासला. परदेशी सामान आणणं आयातीच्या निर्बंधांमुळे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. मध्यमवर्गीय घरातल्या प्लेअरला क्रिस्टल किंवा सिरॅमिक सुई असायची. एक रेडिओ आणि एक प्लेअर यांच्यासाठी वेगळं नियंत्रण-केंद्र कोण कशाला घेईल? फार थोड्या, पैसेवाल्या घरांत विलायती क्वाड असेलही, पण कोपरीच्या दोन खोल्यांत त्याला कामच नव्हतं.

पुढे वेगळे हाय-फाय अँप्लिफायर आपल्याकडे पसरले, कॉस्मिक, सोनोडाईन वगैरे, तोवर ट्रान्झिस्टरचं राज्य आलं होतं. १९८०च्या दशकात टू-इन-वन आला. टेपच्या हेडचा सिग्नल मिलिव्होल्टच्याही खाली असतो, तेव्हा त्यात प्रीअँप हवाच. तो होताही. पुन्हा पेटीच्या आत, पुन्हा निनावी.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आज घरात व्हॉल्व्हचा वेगळा प्रीअँप आणताना आपण ‘आजोबांच्या काळचा आवाज’ परत आणतोय असं वाटतं. आजोबांकडे व्हॉल्व्ह नक्की होते. हा डबा बहुधा नव्हता. दुसऱ्यांच्या इतिहासातली वस्तू आपण आपली आठवण म्हणून विकत घेतो. ती घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण प्रबंधात ‘पुनरागमन’ हा शब्द लिहिण्याआधी, कोण कुठून परत आलं ते तपासायला हवं.

प्रीअँप मैदानात होता

घरात वेगळा प्रीअँप नव्हता, मग तो कुठे दिसत होता? जिथे मायक्रोफोन होता तिथे. मायक्रोफोनचा सिग्नलही काही मिलिव्होल्टचाच, म्हणजे सभेच्या अँप्लिफायरला पहिला टप्पा जास्त ताकदीचा लागणार. त्या जागी ईएफ ८६ किंवा ईसीसी ८३ असे कमी खरखर करणारे, जास्त वाढ देणारे व्हॉल्व्ह वापरले जात. पुढे ‘माईक’ आणि ‘ग्रॅम’ अशी दोन बटणं. माईकचं बटण प्रीअँपमधून जातं, ग्रॅमचं त्याला वळसा घालून.

या धंद्याचा एक धागा सिंधशी जोडलेला आहे. मोटवाने कुटुंबाचा व्यवसाय सिंधमधल्या सक्करला सुरू झाला आणि फाळणीच्या कितीतरी आधी मुंबईत आला. ‘शिकागो रेडिओ’ नावाने त्यांचे लाऊडस्पीकर काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि सभांत लागत. १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने हेही आरोपी होते. कोपरीत १९४७ नंतर आलेल्या कुटुंबांचा या व्यवसायाशी संबंध होता असं मी सुचवत नाही. सिंधी नाव दोन्हीकडे दिसलं म्हणून दोन गोष्टी जोडणं हा मोहच आहे, तो टाळा. मुद्दा एवढाच, की आवाज वाढवण्याचा इतिहास घरापेक्षा मैदानात आधी आणि जास्त ठळक लिहिला गेला.

तुमच्यासाठी त्याचा उपयोग काय? गणेशोत्सव मंडळांचे जुने अहवाल बघा. जमाखर्चात ‘माईक व लाऊडस्पीकर भाडे’ अशी ओळ असते. कुठल्या वर्षापासून ती येते, केव्हा ती रोषणाईच्या खर्चापेक्षा मोठी होते, केव्हा तिचं नाव बदलून ‘साऊंड सिस्टिम’ होतं. एका ओळीवर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

प्रत्येक स्रोताला एक आंधळा कोपरा असतो

घरगुती रेडिओसाठी सगळ्यात मोहक स्रोत म्हणजे लायसन्सचं पुस्तक. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स घ्यावं लागायचं, दरवर्षी फी भरावी लागायची. अनेक घरांत ती पुस्तकं अजून कपाटात आहेत. मालकाचं नाव, पत्ता, सेटचा मेक, वर्षावर्षाचे शिक्के. इतिहासकाराला आणखी काय हवं?

पण हा कायदा बिनतारी यंत्राचा. रेडिओ त्यात येतो, रेकॉर्ड प्लेअर येत नाही, नुसता अँप्लिफायर येत नाही. म्हणून फक्त लायसन्सवरून लिहिलेल्या इतिहासात लोक सरकारी आणि सिलोनचे कार्यक्रम ऐकणारे श्रोते म्हणूनच दिसतील. आपली तबकडी आपल्या मर्जीने लावणारा माणूस त्यात दिसणारच नाही. तो दिसतो ‘पी. यू.’च्या भोकात. भोकाभोवतीचं बेकलाईट झिजलेलं असेल, वायर डागून पक्की केलेली असेल, तर तिथे प्लेअर वर्षानुवर्षं लागलेला होता. भोकं कोरी करकरीत असतील तर बहुतेक नव्हता. कागद जे सांगत नाही ते वस्तू सांगते, आणि उलटंही खरं : सेट कोणाच्या नावावर होता हे वस्तू कधीच सांगणार नाही. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

व्हॉल्व्हवरचं छापील नावही वाचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. १९५६च्या सेटमध्ये ‘बीईएल’चा व्हॉल्व्ह दिसला, तर तो नंतर बदललेला आहे हे नक्की. एवढ्यावरून सेट किमान १९६१ पर्यंत वापरात होता आणि कोणीतरी पैसे खर्चून तो दुरुस्त केला, या दोन गोष्टी सिद्ध होतात. असा पुरावा मुलाखतीत मिळत नाही. “तेव्हा रेडिओ बदलला की दुरुस्त केला?” याचं उत्तर साठ वर्षांनी कोणाला आठवणार?

आज घ्यायचाच असेल तर

तुमच्यातले काही जण प्रबंध सोडून थेट विचारतील, “ते ठीक आहे, पण घ्यायचा कुठला?” वर इतिहासाला जे तीन प्रश्न विचारले, तेच दुकानात विचारा : सिग्नल कुठून येतो, केवढा आहे, पुढे कुठे जायचा आहे.

सीडी प्लेअर किंवा डॅक साधारण २ व्होल्ट देतो. बहुतेक पॉवर अँप्लिफायरना पूर्ण आवाजासाठी १ ते दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे तुमच्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. त्यात दहापट वाढवणारा प्रीअँप जोडला तर बटण जरा हललं तरी शेजारी दार वाजवतील, आणि बटणाचा उरलेला प्रवास कधी वापरलाच जाणार नाही. अशा वेळी कमी वाढीचा, १७ ते २० क्षमतेचा ईसीसी ८२ वापरलेला प्रीअँप बरा. ईसीसी ८३ची क्षमता १००. तो मॅग्नेटिक सुईच्या फोनो टप्प्यात शोभतो. बाजारात दोन्ही एकमेकांच्या सॉकेटमध्ये बसतात, म्हणून ‘ट्यूब बदलून बघा’ हा सल्ला सर्रास मिळतो. बसतात हे खरं, काम मात्र वेगळं करतात.

दुसरं, पुढच्या अँप्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स प्रीअँपच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा. ईसीसी ८३च्या अॅनोडवरून थेट आउटपुट काढला तर तो तीस-चाळीस हजार ओहमच्या घरात जातो. पुढे दहा हजार ओहमचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर असेल तर आवाज पडणारच. कॅथोड फॉलोअर असलेलं मंडल हा प्रश्न सोडवतं. विक्रेत्याला हा एक प्रश्न विचारा, उत्तरावरून बरंच कळेल.

तिसरं, व्हॉल्व्हला नीट काम करायला दोनशे-अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो. काही स्वस्त डब्यांत व्हॉल्व्ह बारा-वीस व्होल्टवर नुसता तापलेला असतो आणि खरं काम चिप करते. दिसायला छान, पण मग पैसे दिव्याचे दिलेत हे माहीत असू द्या.

आणि क्रम. आधी स्पीकर आणि खोलीतली त्यांची जागा, मग सुई, मग बाकीचं. दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढले तर कानाला कळणारा फरक पडतो, आणि तो फुकट असतो. यानंतरही व्हॉल्व्हचा रंग हवा असेल तर जरूर घ्या. व्हॉल्व्हची उपकरणं आपल्याकडेही बनली आहेत. पुण्याच्या केडन्सने व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर केले, दिल्लीची लिरिटा व्हॉल्व्ह अँप्लिफायर करते. नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात.

छंद पुरावा खातो

आता खरी काळजीची गोष्ट. नव्या व्हॉल्व्हपेक्षा जुने चांगले, असं मानणारे शौकीन पुष्कळ आहेत. त्यामुळे जुन्या मलार्ड, फिलिप्स, बीईएल व्हॉल्व्हना भाव आहे. जुने रेडिओ आणि सभेचे अँप्लिफायर भंगारात जातात, तिथून चोर बाजार, लॅमिंग्टन रोड. व्हॉल्व्ह उपटले जातात, पेटी शोभेला जाते, चासी वजनावर. म्हणजे आपण ज्या पुराव्यावर इतिहास लिहिणार, तो कोणाच्या तरी अपग्रेडचा सुटा भाग होतो.

त्यात कोपरीचा परिसर ठाण्याच्या क्लस्टर पुनर्विकास योजनेत आहे. घर रिकामं करताना सगळ्यात आधी काय जातं? माळ्यावरचं. बंद पडलेला रेडिओ माळ्यावरच असतो.

प्रत्येक सेट जपून ठेवणं शक्य नाही, आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्याला दोष देण्यातही अर्थ नाही. पण नोंद अर्ध्या तासात होते. सेटचा पुढून, मागून फोटो. मागची पट्टी, मॉडेल, नंबर. प्रत्येक व्हॉल्व्हचं नाव, मेक आणि तो कुठल्या सॉकेटमध्ये होता. ‘पी. यू.’ची अवस्था. बदललेले कंडेन्सर, वेगळ्या रंगाच्या वायरी, आत चिकटवलेली आकृती, दुरुस्तीवाल्याने पेन्सिलने टाकलेली तारीख. लायसन्सचं पुस्तक असेल तर त्याचं प्रत्येक पान. आणि घरातल्या माणसाच्या परवानगीशिवाय नाव-पत्ता कुठेही छापायचा नाही.

एक कडक सूचना. सेट वीज लावून चालू करून बघू नका. प्लग काढलेला असला तरी आतले कंडेन्सर चार्ज धरून ठेवतात, आणि एसी-डीसी प्रकारच्या सेटमध्ये, म्हणजे यूसीएल ८२सारखे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतील तर, चासीलाच मेनची वीज येऊ शकते. आत हात घालायचं काम जाणत्या रेडिओ मेकॅनिकला करू द्या, आणि तो काम करताना त्याच्याशी बोलत राहा. त्याचं बोलणं रेकॉर्ड करा, तोही तुमचा स्रोत आहे.

पुढच्या वेळी मुलाखतीला जाल तेव्हा “प्रीअँप होता का?” हा प्रश्न वहीतून खोडा. त्याऐवजी विचारा, “रेडिओच्या मागे काय लावायचात?” आधी थोडा वेळ शांतता असेल. मग कोणीतरी म्हणेल, “अरे हो, त्याच्या मागे दोन भोकं होती...” तिथून पुढे मधे बोलू नका. लिहून घ्या.